पत्रा जाड की तारीख नवी? भाचीच्या पहिल्या गाडीचं प्रकरण

2025 च्या एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. "दाजी स्कॉर्पिओ घ्यायला निघालेत. तू जरा येऊन जा." ताई असं मोजकं बोलली की घरात आधीच दोन दिवस वाद झालेला असतो, हे मला माहीत आहे.

मी विश्रामबागला राहतो. मोटार विम्याचे सर्व्हे करतो. ठोकलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसानीचा आकडा काढायचा, हा रोजचा धंदा. त्यामुळं नात्यात कुणी गाडी घ्यायची म्हटली की मला बोलावणं येतं आणि मी जे सांगतो ते सहसा कुणाला आवडत नाही. हे प्रकरण लिहून काढतोय कारण नवख्या पोरासाठी पहिली गाडी कुठली घ्यावी, याच प्रश्नासाठी गेल्या दोन वर्षांत मला पाच-सहा घरांतून फोन आले आणि प्रत्येक घरात चर्चा त्याच चुकीच्या जागी अडकलेली होती.

घरची परिस्थिती अशी. भाची मे महिन्यात अठरा पूर्ण करणार होती. बारावी झालेली, सीईटी दिलेली, सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल याची खात्री. गाव तासगावच्या पलीकडं, घरापासून कॉलेज एका बाजूनं 34 किलोमीटर. दाजींची चार एकर द्राक्षबाग. मार्चअखेर माल निघाला, दर बरा मिळाला आणि हातात साडेचार लाख रुपये मोकळे राहिले. बागायतदाराच्या घरात वर्षातून एकदाच असे पैसे मोकळे राहतात. ते खात्यावर फार दिवस ठेवले तर त्यांना दुसरे पाय फुटतात, म्हणून दाजींना घाई होती.

दाजींच्या मनातली गाडी ठरलेली होती. सावळजच्या एका मित्राची 2013 ची स्कॉर्पिओ, चार लाखाला. "पोरगी रोज जाणार-येणार. पत्रा जाड पाहिजे पाव्हणं. हातानं वाजवून बघा की." भाचीला हवी होती थार. ती आजकाल सगळ्यांनाच हवी असते. बजेट ऐकल्यावर ती स्विफ्टवर आली, कारण मैत्रिणीकडं स्विफ्ट आहे. ताईचं म्हणणं, स्कूटी घेऊन द्या आणि उरलेले पैसे फीला ठेवा. आण्णा, म्हणजे दाजींचे वडील, पलंगावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "यष्टी काय मेलीया का?"

मला आण्णांचं म्हणणं सगळ्यात जास्त पटलं होतं. 2023 च्या मार्चपासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, विद्यार्थ्यांना पासात त्याहून मोठी सवलत मिळते आणि मुरलेला ड्रायव्हर चालवत असलेल्या दहा-बारा टनांच्या लाल डब्याइतकी सुरक्षित गाडी चार लाखात कुणी देऊ शकत नाही. अडचण एकच होती. प्रॅक्टिकल असलं की कॉलेज सुटायला साडेपाच होतात, मग सांगलीच्या स्टँडवर पोचायचं, तासगाव गाठायचं आणि तिथून गावाकडची गाडी. ती मिळाली तर मिळाली.

स्कूटीला मात्र मी साफ नाही म्हटलं. सांगली-माधवनगर-बुधगाव-कवलापूर-तासगाव हा रस्ता ज्यानं गळिताच्या हंगामात संध्याकाळी बघितलाय त्याला कारण सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. अशा ट्रॉलीला मागून धडकलेल्या दुचाकींचे कागद माझ्या टेबलावर दर हंगामात येतात. म्हणून माझा क्रम होता: आधी एसटी, मग गाडी, स्कूटी नाहीच.

आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत निघाली. दाजी कौतुकानं म्हणाले, "तिला चालवता येतीय की. सोळाव्या वर्षापासनं मळ्यातनं पिकअप आणतीया." मळ्यातनं म्हणजे कुठवर, असं विचारलं तर उत्तर आलं, पेट्रोलपंपापर्यंत. पेट्रोलपंप हमरस्त्यावर आहे.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 199-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा आपल्याकडं पहिल्यांदा बापांची झोप उडाली. दाजींनी त्या बातम्या बघितल्या होत्या. आपला पिकअप त्याच कलमात बसतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून वाढदिवस होईपर्यंत किल्ली आण्णांच्या उशाखाली गेली.

आता स्कॉर्पिओ. दाजींचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, वजनाला महत्त्व आहेच. पण जाड पत्रा आणि सुरक्षित सांगाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडकेत गाडीचं पुढचं तोंड चुरगळलं पाहिजे आणि माणसं बसतात तो डबा शाबूत राहिला पाहिजे. तोंड चुरगळलं नाही तर धक्का सरळ आतल्या माणसाला बसतो. गाड्या धडकवून सुरक्षेला पाचपैकी तारे देणारी ग्लोबल एनकॅप ही संस्था आहे. 2016 मध्ये तिनं एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ धडकवून बघितली, शून्य तारे मिळाले. 2022 मध्ये त्याच कंपनीच्या स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. मधल्या सहा वर्षांत बदललं ते डिझाइन. सावळजची गाडी खालच्या मॉडेलची होती, एअरबॅग एकही नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, तीही नाही. शिवाय उंच गाडी. नवख्या हातानं घाबरून स्टेअरिंग ओढलं की बुटकी गाडी घसरते, उंच गाडी आडवी होते.

दाजी म्हणाले, "मग हे पुढारी कशाला फिरत्यात असल्या गाड्यांतनं?"

"दाजी, त्यांच्या गाड्या नव्या असतात. आणि चालवायला वीस वर्षं मुरलेला ड्रायव्हर असतो. तुमची गाडी बारा वर्षांची आणि ड्रायव्हर तीस दिवसांचा."

यावर ते काही बोलले नाहीत. पटलं असं नव्हे, पण दुसऱ्या दिवशी मित्राला बयाणा द्यायचा होता तो दिला नाही.

मग मी त्यांना माझी पद्धत सांगितली. मॉडेलचं नाव नंतर, आधी गाडी कधी बनली ते बघायचं. आपल्याकडं कंपन्यांनी सुरक्षेच्या गोष्टी दिल्या त्या बहुतेक नियम आल्यावर. 1 एप्रिल 2019 पासून नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांत एबीएस आलं. 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्ट लावला नाही तर वाजणारा बझर, 80 च्या वर गेलं की टुणटुण आणि मागं घेताना वाजणारे सेन्सर. शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची करताना जुन्या मॉडेलांना 31 डिसेंबर 2021 पर्यंत मुदत होती. म्हणजे 2022 मध्ये बनलेली कुठलीही साधी हॅचबॅक घेतली तरी या गोष्टी असणारच. त्याआधीची घ्यायची तर वरचं मॉडेल आहे का, हे तपासावं लागतं. बनल्याचा महिना आणि वर्ष आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, असतं. विकणारे सांगतात ते पासिंगचं वर्ष, त्यावर जाऊ नये.

ताऱ्यांबद्दल थोडं. 2018 च्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅपमध्ये दोन तारे, 2019 मध्ये वॅगनआरला दोन, 2020 मध्ये टियागोला चार. भाचीनं हे सगळं मोबाइलवर पाच मिनिटांत काढलं आणि स्विफ्टचा विषय तिनंच मिटवला. मी फक्त एवढं सांगितलं की 2022 च्या मध्यानंतर चाचणी कडक झाली, बाजूची धडकही त्यात आली. म्हणून 2020 चे चार आणि 2024 चे चार एका तराजूत घालू नकोस. जुन्या गाड्या जुन्यांशीच ताडून बघ.

मे महिन्यात आम्ही सात गाड्या बघितल्या. चार पहिल्या दहा मिनिटांत बाद. एकीचे टायर 2017 चे होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, आठ वर्षांचं रबर पावसात ब्रेकला साथ देत नाही. बाकीच्या तिघींबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाचवी गाडी मात्र या प्रकरणाचं खरं कारण आहे.

सांगली-मिरज रस्त्यावर जुन्या गाड्यांचं एक दुकान. पांढरी हॅचबॅक, 2019 च्या शेवटी बनलेली, वरचं मॉडेल, दोन एअरबॅग, एबीएस, अलॉय व्हील. 41,000 किलोमीटर. मागणी तीन लाख साठ हजार, म्हणजे त्या आठवड्यात बघितलेल्या तशाच गाड्यांपेक्षा पन्नास-साठ हजारांनी कमी. पासिंग कोल्हापूरचं, एमएच-09. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब." सांगलीत विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. तेवढे डॉक्टर मिरजेतसुद्धा नसतील.

दाजी खूश. भाची तर आत बसून आरसे लावायला लागली होती. मी दार उघडलं आणि अत्तराचा भपकारा आला. एवढं अत्तर लग्नात नाहीतर पुरातल्या गाडीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथं 45 फुटाला धोक्याची पातळी आहे. त्यानंतरचे दोन महिने मी बुडालेल्या गाड्यांशिवाय दुसरं काही बघितलं नाही. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच, सांगलीतही आणि कोल्हापुरातही. अशा गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी पूर्ण नुकसान धरून मालकाला पैसे देते आणि गाडी बोलीवर विकली जाते. बोलीत घेणारे सगळेच काही भंगारवाले नसतात. कुणी ती धुतो, वाळवतो, नवा गालिचा टाकतो आणि दोन-तीन वर्षांनी ती शेजारच्या जिल्ह्यात डॉक्टरांची होऊन उभी राहते.

मी काही न बोलता भाचीच्या हातात टॉर्च दिला. "ड्रायव्हरचा बेल्ट शेवटपर्यंत ओढ. अडकेपर्यंत."

तिनं ओढला. नेहमी बाहेर दिसणारा पट्टा काळा, स्वच्छ. शेवटचा दीड हात मात्र भुरकट निघाला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी मधे सरळ रेघ. बेल्टची गुंडाळी खांबाच्या तळाशी असते. बाहेरचा पट्टा धुणारे खूप, आतली गुंडाळी सोडवून धुणारा अजून मला भेटलेला नाही. तिनं नखानं खरवडलं तर बारीक गाळ निघाला. मग तीच पुढं सुटली. सीटखाली हात घालून रूळ बघितले, बोल्टच्या खाचेत तांबडा गंज. डिकीतली स्टेपनी उचलली, खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात तसाच गाळ सुकून बसलेला.

शेवटची गोष्ट मी केली. किल्ली 'ऑन'ला ठेवली, इंजिन चालू न करता. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा अशा वेळी लागतो आणि पाच-सहा सेकंदांत आपोआप विझतो, याचा अर्थ यंत्रणेनं स्वतःला तपासलं आणि ठीक आहे. इथं दहा सेकंद झाले, वीस झाले, दिवा तसाच. मग इंजिन चालू केलं आणि तो ऑइलच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझला. दोन्ही दिवे एकाच वायरीला जोडलेले होते. एअरबॅगचा मेंदू गिअरच्या पुढं, जमिनीलगत असतो. पाणी पहिलं तिथं जातं. तो मेला की दिवा कायम लागून राहतो आणि गिऱ्हाईक विचारतं, म्हणून अशी जोडणी. दिवा अजिबात लागलाच नाही तर बल्ब काढलेला असतो, तेही बघितलंय.

दाजी वाकून बघत होते. "म्हंजी फुगा उघडणारच नाही?"

"नाही."

दुकानदार शांत होता. म्हणाला, "साहेब, आपल्याकडं पाणी कुणाच्या गाडीत गेलं नाही, सांगा." खोटं बोलला नाही, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. बाहेर येऊन आरसी परत बघितली. दुसऱ्या मालकाच्या नावावर गाडी 2022 च्या सुरुवातीला झालेली, पुरानंतर सहा महिन्यांनी. हा पुरावा नव्हे. पण आधी ही तारीख बघितली असती तर अत्तर हुंगायला आत गेलोच नसतो.

या गाडीत दाजींना हवं ते सगळं कागदावर होतं, मी सांगितलेलंही सगळं होतं: तारीख, एअरबॅग, एबीएस. म्हणजे माझी तारखेची पद्धतही एकटी पुरत नाही. नियम आले त्याच उन्हाळ्यानंतर आपल्याकडं पूर आला. आपल्या भागात 2019 ते 2021 मधली गाडी घेताना बेल्ट ओढून बघितल्याशिवाय दर बोलू नये.

जूनमध्ये विश्रामबागेतच गाडी मिळाली. टियागो, फेब्रुवारी 2022 ची, पेट्रोल, एका बँकेतल्या बाईंची, एकच मालक, 38,000 किलोमीटर. मागणी पाच, सौदा चार लाख सत्तर हजारांत. बजेटच्या वर गेलं, तेवढी भर ताईनं घातली आणि त्याबद्दल अजून बोलून दाखवते. पुढचे दोन टायर बदलले. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून एअरबॅगची यंत्रणा बोलतेय का ते बघितलं. घरी वापरायच्या स्वस्त स्कॅनरमध्ये ते बहुधा दिसत नाही.

नाव कुणाचं लावायचं यावर पुन्हा बैठक. दाजींचा हट्ट, त्यांच्या नावावर. आण्णांनी "पोरीचं लगीन झाल्यावर गाडी कुणाची?" असा खडा टाकून ठेवला. मी धंद्यातलं सांगितलं. पॉलिसीबरोबर सक्तीचा जो 15 लाखांचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा असतो. मालक दाजी आणि चालवणारी भाची असेल तर तो तिला लागू होत नाही, वेगळं कव्हर घ्यावं लागतं. जी रोज चालवणार तिच्याच नावावर असलेली बरी, मात्र पक्कं लायसन हातात आल्यावर. लर्निंग तिनं वाढदिवसाच्या आठवड्यातच काढलं होतं, तीस दिवसांनी परीक्षा दिली आणि जुलैत गाडी तिच्या नावावर झाली. जुन्या मालकिणीची पॉलिसी चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेतली. हे लोक विसरतात, आरसी बदलतात आणि पॉलिसी तशीच ठेवतात. मग गाडी ठोकली की माझ्यासमोर येऊन बसतात आणि मला नाही म्हणावं लागतं. बाईंचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बाईंचाच राहिला, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून फरकाचा हप्ता भरावा लागला. वर इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलं. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला गेलं आणि इंजिन मोडलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. सांगलीत राहून या कव्हरचे पैसे वाचवणाऱ्याचं मला आश्चर्य वाटतं.

चालवायला शिकणं हा भाग आमच्याकडं सगळ्यात दुबळा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर रोज अर्धा तास, ते सगळं मिळून दहा-पंधरा तास. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात नवख्या पोराला शेजारी मोठं माणूस बसवून 120 तासांची नोंद ठेवावी लागते. आम्ही 120 काही मागितले नाहीत. द्राक्षाच्या औषधफवारणीची जुनी वही होती, तिच्या मागच्या पानांवर पन्नास तास लिहायचे ठरले: तारीख, रस्ता, पाऊस की कोरडं, शेजारी कोण. लर्निंगच्या महिन्यापासून, पिकअपला लाल 'एल' चिकटवून. दाजी शेजारी बसले की ओरडायचे, म्हणून निम्मे तास ताईनं भरले. तिला स्वतःला गाडी येते हे घरात बऱ्याच जणांच्या लक्षातच नव्हतं.

बाकी ठरलं ते थोडकं. आठवड्यातून ज्या दोन दिवशी प्रॅक्टिकल त्या दिवशी गाडी, बाकी एसटी. पहिल्या वर्षी गाडीत एकच मैत्रीण. यावर भाची दोन दिवस बोलली नाही, चौघी एकाच रस्त्यानं जाणाऱ्या होत्या. मोबाइल मागच्या सीटवर, सॅकमध्ये. पेठ नाक्याकडं, हायवेला, जायचं नाही. आणि दिवस मावळला की जिथं असेल तिथं थांबून घरी फोन करायचा. या शेवटच्या अटीवर दाजी म्हणाले होते, "मग गाडी घेतली कशाला?"

ऑगस्टमध्ये मागचा बंपर विहिरीच्या कठड्याला लागला, सेन्सर वाजत असताना. दाजींनी क्लेम टाकायला सांगितलं, मी टाकू दिला नाही. तीन हजारांसाठी बोनस घालवायचा नसतो. नोव्हेंबरमध्ये कारखाने सुरू झाले. एका गुरुवारी सव्वासहाला तिचा मला फोन आला, आवाज जरा कापरा. "मामा, मी कवलापूरला थांबलेय. पुढं ट्रॉली होती, मला ती दिसलीच नाही, फक्त ऊस दिसला. समोरच्याचे दिवे डोळ्यावर येत होते." गाडी चहाच्या टपरीशेजारी लावली होती, हॅझर्ड चालू ठेवून. मी म्हटलं बाबांना फोन कर. ती म्हणाली केलाय, ते निघालेत.

दाजी औषधं आणायला निघालेल्या कुणाच्यातरी टेम्पोत बसून आले. टपरीवर दोघांनी चहा घेतला. ती किल्ली द्यायला लागली तर त्यांनी घेतली नाही, वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले आणि बेल्ट ओढला. तिनं मला नंतर सांगितलं, तासगावपर्यंत ते एकदाच बोलले: "जाऊ दे त्याला फुडं. आपल्याला काय घाई हाय."